दाक्षिण्य, मुर्वत आणि एसटीतली सीट

नमस्कार,

एसटीत एका बाईंना मी सीट दिली आणि त्यावरून 'स्त्रीदाक्षिण्या'चं कौतुक करणारा लेख लिहिला. त्यावर तुमचं म्हणणं असं : दाक्षिण्य हा शब्दच पुरुषी आहे, 'मनापासूनचा चांगुलपणा' हा मी दिलेला अर्थ चूक आहे, संस्कृत नाटकांत तो निव्वळ देखावा असतो, आणि शब्द हवाच असेल तर आपला साधा 'मुर्वत' काय वाईट आहे? दोन दिवस हे डोक्यात घोळत होतं.

देखाव्याचं आधी, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. जुन्या नाट्यशास्त्रकारांनी नायकाचे अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट असे चार प्रकार सांगितले. त्यातला 'दक्षिण' म्हणजे मन दुसरीकडे गुंतलं तरी पहिलीशी गोडीनं वागणारा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राजा मालविकेला हेच ऐकवतो, की दाक्षिण्य हे नायकांचं कुलव्रत आहे, जीव मात्र तुझ्यात अडकलाय. म्हणजे राणीशी गोड वागणं हे कुळाचार पाळावा तसं! तेव्हा 'मनापासूनचा' हा शब्द मी मागे घेतो. मन असो नसो, समोरच्याला ओशाळं वाटू न देणं एवढंच दाक्षिण्यात येतं. आणि खरं सांगू, मला ते कमी वाटत नाही. नावडता पाहुणा ऐन जेवणाच्या वेळी दारात उभा राहिला तर आमची आजी आत एक शिवी हासडायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "बरे आलात, पान वाढतच होते." त्या पाहुण्याला आतलं कधी कळलं नाही.

पण शब्द पुरुषी? हे नाही पटत. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण. कारण दक्षिण म्हणजे मुळात उजवा, आणि उजवा म्हणजे कुशल, सरळ, अनुकूल. मराठीतही चांगलं ते 'उजवं' आणि ज्याला टाळायचं त्याला आपण 'डावलतो'. यात बाई-पुरुष कुठे आला? उलट 'रघुवंशा'च्या पहिल्याच सर्गात दिलीपाच्या राणीचं नाव सुदक्षिणा, आणि ते तिच्या दाक्षिण्यावरून रूढ झालं असं कालिदास म्हणतो. तोच कालिदास! दाक्षिण्यामागे 'स्त्री' जोडून आपणच त्याला कोपऱ्यात बसवलं. आता तो शब्द एकटा फिरताना दिसतच नाही.

मुर्वतीवर मात्र मला हसू आलं, रागावू नका. शब्द मलाही आवडतो. पण तो फारसीतून आपल्याकडे आला, मूळचा अरबी, आणि तिथे त्याच्या मुळाशी आहे 'मर्' म्हणजे पुरुष. पुरुषाला शोभेलसं वागणं, त्यावरून औदार्य, भलेपणा, भीड. पुरुषी म्हणून दाक्षिण्याला हाकललंत आणि पाटावर बसवलंत ते साक्षात 'मर्दपणा'ला! शिवाय मुर्वतीची आठवण आपल्याला होते तीच नकारात : 'कुणाची भीडमुर्वत न ठेवता'. ती ठेवली असं कुणी सांगताना ऐकलंय?

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मुद्द्यांत नव्हता पण सगळ्यात झोंबला : "त्या बाई दमल्या होत्या म्हणून उठलात, की बाई होत्या म्हणून?" बाई होत्या म्हणून. त्या तिशीच्या, धडधाकट, पाठीला लॅपटॉपची बॅग. त्यांच्याच मागे सिमेंटनं पांढरा झालेला एक माणूस दांड्याला धरून उभ्या उभ्या झोपत होता. तो मला दिसला होता. लेखात मी तो घेतला नाही.

आणखी एक गोष्ट लेखात नव्हती. त्याच गाडीत, खंबाटकी चढताना, कंडक्टर बाईंनी एका म्हाताऱ्याला दाराजवळच्या आपल्या सीटवर बसवलं. "आबा, बसा हितं, मला तिकिटं फाडायला उभंच रहावं लागतंय," म्हणाल्या. तिकिटं शिरवळलाच सगळी काढून झाली होती. सातारा येईपर्यंत त्या मशीन हातात घेऊन उगाचच त्याची बटणं दाबत उभ्या होत्या.