काख कोणत्या डेपोची?

नऊ डेपोंमधल्या सुट्या भागांचा साठा सांभाळणं हे माझं काम. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण मी पगार घेऊन जगतो. आमच्याकडे काखा नऊ, आणि प्रत्येक काखेचा मालक म्हणतो, “माझ्याकडे नाही बुवा.”

परवा चार नंबरला एक ऑइल सील हवं होतं. तळहातावर मावेल एवढं रबराचं कडं, पण त्याच्यावाचून अख्खा पंप बंद. सिस्टीम म्हणाली, सात नंबरला एक शिल्लक आहे. फोन लावला.

“रॅकवर नाही.”

“पण सिस्टीममध्ये दिसतंय.”

“मग सिस्टीमकडूनच घ्या.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “साहेब, ते आपल्या खणातलं...” आणि फोन कटला.

टेबलाचा खण हा आमचा दहावा डेपो. त्याला कोड नाही, आलं-गेलं लिहायचं बिन कार्ड नाही, ऑडिट नाही. म्हणूनच तिथे माल असतो.

तसा दोष तरी कुणाला देणार? वर्षाला सरासरी एकदाच लागणारा पार्ट, मागण्या एकमेकींशी संबंध न ठेवता केव्हाही येत असतील तर, एखाद्या वर्षी अजिबात न लागण्याची शक्यता साधारण 37 टक्के, आणि दोन किंवा अधिक वेळा लागण्याची 26. म्हणजे तो धूळ खात पडतो, आपण कंटाळून दुसऱ्या डेपोला देतो आणि लगेच आपलंच मशीन बसतं. एकदा पोळलेला स्टोअरकीपर पुढे खणाला कुलूप लावतो.

यावर मी मीटिंगमध्ये गणित मांडलं होतं. नऊ डेपोंची मागणी सारखी आणि एकमेकींशी संबंध नसलेली असेल, तर साठा एकत्र केल्यावर सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीनडीसाठी ठेवलेला जादा माल, एक तृतीयांशावर येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरुवात बाकीच्या आठांनी करावी, यावरही नऊ जणांचं एकमत झालं.

शेवटी वरून दम भरल्यावर सात नंबरचं पाकीट आलं. सील बोटांनी जरा वाकवलं तर तडा गेला. इतकी वर्षं जपलेलं रबर, दुसरं काय होणार! पाकिटावरचा पार्ट नंबरही जुना, मध्यंतरी बदललेला. नवा नंबर वाचला आणि तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

माझ्याच खणात. दोन सीलं, कोरी. ‘असू देत’ म्हणून मीच ठेवलेली.

एक लगेच चार नंबरला रवाना केलं. दुसरं सिस्टीममध्ये चढवायचं आहे. बघू, या महिनाअखेरीस वेळ मिळाला तर.