ड्रायर गरम होत नाही? इग्नाइटर मागवायच्या आधी जरा थांबा

थंडी पडली की आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड येतोच. कपडे वाळवायचा गॅस ड्रायर फिरतोय पण गरम होत नाही म्हणजे इग्नाइटर (तापून लाल होऊन गॅस पेटवणारा भाग) गेला, नाहीतर ब्रेकर अर्धा ट्रिप झालाय, तेही नसेल तर थर्मल फ्यूज (फार तापलं की उडणारा सुरक्षा फ्यूज) काढून वायरी डायरेक्ट जोडा, आणि लिंटची (कपड्यांच्या भुग्याची) जाळी रोज साफ करत असाल तर व्हेंटकडे, म्हणजे गरम हवा बाहेर नेणाऱ्या पाइपाकडे, बघूच नका. चारही गोष्टींत घोळ आहे.

आधी इग्नाइटर. मीही यालाच फसलो. आमच्याकडे पहिला घाणा मस्त वाळायचा आणि दुसऱ्यात जीन्सचे खिसे ओले ते ओलेच, मी नवीन इग्नाइटर आणून बसवला तरी तेच. अहो, आधी खाली बर्नरकडे बघा ना, बऱ्याच मॉडेलला तिथे छोटं भोक असतं. इग्नाइटर लालभडक होतो, मिनिटभराच्या आत विझतो आणि त्याच वेळी गॅस सुटून भस्सकन निळी ज्योत लागते, हे झालं नॉर्मल. लाल होऊन विझला पण ज्योत नाही, तर बहुतेक वेळा गॅस व्हॉल्व्हवरच्या कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची वेटोळी) गेलेल्या असतात, थंड असताना चालतात आणि तापल्या की दगा देतात, म्हणून तर पहिला घाणा वाळतो! लालच राहिला, विझेचना, तर फ्लेम सेन्सर (उष्णता ओळखून इग्नाइटर बंद करणारा स्विच) अडकलाय. अजिबात लाल झाला नाही तरच इग्नाइटरवर संशय घ्या, आणि तेव्हाही फ्यूज, थर्मोस्टॅट, सेन्सर रांगेत आहेतच, त्यामुळे प्लग काढून मल्टिमीटर लावा आणि यातला कोणता तुटलाय ते बघा. नवीन बसवताना त्या काळ्या भागाला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की लवकर जातो.

अर्ध्या ब्रेकरची भानगड इलेक्ट्रिक ड्रायरची, तो 240 व्होल्टवर चालतो, एक बाजू गेली तर ड्रम फिरतो आणि हीट जाते. गॅसवाला साध्या 120 च्या प्लगवर चालतो, ब्रेकर पडला तर फिरणारच नाही.

फ्यूज बायपास करायचा सल्ला मात्र वाचून डोकंच फिरलं. तो फ्यूज उगाच उडत नाही, गरम हवा बाहेर जात नसेल म्हणून उडतो, आणि तोच काढून वायरी जोडल्या तर आग लागायच्या आधी मशीन बंद कोण करणार?

आणि जाळी सगळा लिंट पकडत नाही हो, उरलेला 4 इंची पाइपात जाऊन बसतो. ड्रायर चालू असताना बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडावरच्या फ्लॅपसमोर हात धरा, जोरात गरम हवा यायला हवी. आमच्या फ्लॅपमागे चिमणीचं घरटं निघालं होतं!

मागच्या गॅसच्या नळाचा दांडा पाइपाला आडवा असेल तर नळ बंद आहे, हेही बघून घ्या. पण गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीच करायचं नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, सरळ घराबाहेर पडून गॅस कंपनीला फोन करायचा.

बाकी माझा जुना धडधाकट इग्नाइटर बेसमेंटच्या खणात पडलाय, कोणाला लागला तर घेऊन जा.