‘महागाचे टायर गळ्यात मारले’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टार सकाळी शटर उघडायच्या आधीच वाचला. तुमचं म्हणणं असं: गेल्या जूनमध्ये दहा चाकी गाडीला आमच्याकडून दहाही टायर वरच्या कंपनीचे घेतले, शेजारी तोच साइज साडेपाच हजारांनी स्वस्त मिळत होता. चाळीस हजार किलोमीटरमध्ये टायर बोंबलले, फेब्रुवारीत मागचा एक फुटला, कंपनीने क्लेम नाकारला आणि आम्ही हात वर केले. शिवाय ‘कमिशनसाठी ब्रँड खपवतात’ हेही.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो. हो, डीलरला टार्गेट असतं, तिमाहीच्या स्कीम असतात आणि त्या जूनमध्येही होती. पण तुम्हाला ते टायर स्कीमसाठी दिले नाहीत. काउंटरवरच्या पोराला तुम्ही सांगितलंत की गाडी इथल्या शिरोलीतून पुण्याजवळच्या चाकणला कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, घेऊन जाते. त्या कामाला मी आजही तेच टायर देईन.

का, त्याचा हिशोब मांडतो. आकडे तुमच्या बिलातले आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या वहीतले आहेत, कंपनीच्या पत्रकातले नाहीत. वरचा टायर 24,500 ला, हायवेवर साधारण 90 हजार किलोमीटर जातो. स्वस्तातला 19,000 ला, तो 70 हजार जातो. भागाकार केला तर दोन्ही किलोमीटरला 27 पैशांच्या आसपास. म्हणजे पहिल्या रबरात महाग टायर एक पैसाही जास्त कमवून देत नाही! हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, कंपनीचा माणूस समोर बसलेला असला तरी.

जादा पैसे असतात ते केसिंगचे, म्हणजे टायरच्या आतल्या सांगाड्याचे. आतली स्टीलची तार आणि बेल्ट चांगले असतील तर तो टायर दोनदा रिट्रेड होतो, म्हणजे झिजल्यावर त्याच सांगाड्यावर नवं रबर चढतं. एका वेळेला सात हजार धरा आणि दर वेळी साठ हजार किलोमीटर धरा. मग 38,500 रुपयांत 2 लाख 10 हजार किलोमीटर, म्हणजे 18 पैशांच्या थोडं वर. स्वस्तातलं केसिंग माझ्या अनुभवात एकदाच टिकतं, ते 20 पैशांवर येऊन थांबतं. दहा चाकांवर लाखभर किलोमीटरला फरक सतरा हजारांच्या घरात. वाईट नाही, पण त्यासाठी कोणी नाचावं असाही नाही.

खरा पैसा डिझेलमध्ये आहे. लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी लाखभर किलोमीटरला 25 हजार लिटर पिते. सहज लोळणाऱ्या टायरने शंभर लिटरमागे तीन लिटर जरी वाचवले तरी साडेसातशे लिटर झाले. नव्वदच्या भावाने साडेसदुसष्ट हजार. पण हे घडतं ते हायवेला, एका लयीत चालणाऱ्या गाडीत, हवा पूर्ण असताना. शेताच्या बांधावर लोळण्याची सहजता काय कामाची?

आता उसाकडे येतो.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही गाडी कारखान्याच्या करारावर लावलीत. त्यात चूक काही नाही, आपल्या भागात निम्म्या गाड्या सीझनला उसालाच असतात. पण मग टायरचं काम पार बदललं. पहाटे ओल्या सरीत गाडी घालायची, चाक फिरत राहिलं की ट्रॅक्टरने ओढून काढायची. तोडलेल्या उसाची बुडखी साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, टोचतात, आणि तुमच्यासारख्या स्टीलच्या तारेच्या रेडियलची साइडवॉल धाग्याच्या जुन्या नायलॉन टायरपेक्षा पातळ असते. मग भरलेली गाडी कारखान्याच्या तळावर रात्रभर रांगेत उभी. क्लेमच्या वेळी काट्याची पावती तुम्हीच दाखवलीत, 33 टन 200. तीन एक्सलच्या गाडीची एकूण वजनाची मर्यादा 2018 साली 25 टनांवरून 28.5 टन झाली, ती वाढवूनही तुम्ही पावणेपाच टन वर आहात. तुम्ही एकटेच तसं भरता असं मी म्हणत नाही. पण टायरला ते कळत नाही.

फुटलेला टायर मी स्वतः कापून पाहिला. मागच्या उजव्या जोडीतला आतला. साइडवॉल पिशवीची चेन उघडावी तशी गोलाईत फाटली आहे, तारा एका ओळीत तुटल्या आहेत. आत रबराची काळी भुकटी आणि अस्तराला सुरकुत्या. हे बहुतेक एकाच कारणाने होतं: भाराच्या मानाने कमी हवेवर बराच काळ चालवलं. 120 पौंड हवेचा टायर नव्वद-पंच्याण्णववर भार घेऊन चालला की साइडवॉल दर फेऱ्याला दुमडते, तापते, आणि तार वाकून वाकून मरते. फुटतो तो दिवस वेगळा असतो, मेलेला आधीच असतो. कंपनीच्या तपासनीसाशी माझं शंभर गोष्टींवरून वाजतं, पण या टायरवर त्याने लिहिलेलं बरोबर होतं, म्हणून मी भांडलो नाही. त्याला तुम्ही हात वर करणं म्हणालात.

तुमचा ड्रायव्हर म्हणाला, रोज टॉमी (लोखंडी पहार) टायरवर मारून आवाजावरून हवा बघायचो. नायलॉनच्या जमान्यात ते चालून गेलं. रेडियलचं पोट पूर्ण हवेतही थोडं फुगलेलंच दिसतं, आणि जोडीतल्या आतल्या टायरचा आवाज कोणाच्याच कानाला नीट कळत नाही. आतल्याची हवा उतरली की बाहेरचा सगळं ओझं उचलतो आणि गाडी चालत राहते. गेज लावल्याशिवाय पत्ता लागत नाही.

आता आमच्या चुका. पहिली मोठी आहे. जूनमध्ये कोल्हापुरात ट्रकवाल्याला टायर विकताना ‘सीझनला गाडी उसाला लावणार का?’ एवढं विचारायला नको? ते पोराने विचारलं नाही, आणि मी तेव्हा दुकानातच होतो, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर दहाही चाकांना हायवेची रिब, म्हणजे सरळ खाचांची नक्षी, दिली नसती. दुसरी, तुम्ही जुन्याच ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) घाला म्हणालात आणि आम्ही घातल्या. दहाचे पैसे वाचवायचे होते, समजतं. पण नव्या टायरमध्ये ताणलेली ट्यूब घालायला आम्ही नाही म्हणायला हवं होतं. हळूहळू हवा उतरायचं ते एक कारण असू शकतं.

उसात चाळीस हजारात संपलेला 24,500 चा टायर किलोमीटरला 61 पैशांना पडला, आणि चिरलेलं केसिंग रिट्रेडला कोणी घेत नाही. तुमचा राग या आकड्यावर असेल तर तो रास्त आहे.

माझं सांगणं असं. चाकणच्या फेऱ्या सुरू आहेत तोवर वरचेच टायर ठेवा. ऑक्टोबर संपता संपता मागची आठही उतरवून बाजूला ठेवा आणि सीझनपुरते रिट्रेड केलेले बटण (जाड गुट्ट्यांच्या नक्षीचे) टायर चढवा, हाऊसिंगला म्हणजे इंजिन ज्याला फिरवतं त्या एक्सलला आणि नुसतं ओझं घेणाऱ्या डमीलाही. एका एक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळू नका. पुढच्या दोन चाकांना मात्र रिट्रेड नको, तिथे चांगलाच टायर हवा, ऊस असो की कास्टिंग. मार्चमध्ये परत बदला. बदलायची मजुरी जाते, पण केसिंग वाचतं.

फुटलेल्या टायरचे पैसे मी देऊ शकत नाही. उरलेले नऊ घेऊन या. प्रत्येक उघडून आतून बघू, जेवढी केसिंग धड निघतील त्यांचं पहिलं रिट्रेडिंग मजुरी न घेता माझ्या खर्चाने करून देतो, नव्या ट्यूब-फ्लॅपसकट. ते आमच्या न विचारलेल्या प्रश्नाचे. स्टार बदला असं मी म्हणणार नाही.

कापलेला टायर मागच्या शेडमध्ये भिंतीला लावून ठेवलाय, फाटलेल्या जागी खडूने खूण केली आहे. ड्रायव्हरला सोबत आणा, त्याला दाखवायचाय. सोमवारी दुकान बंद असतं, तेवढा वार सोडून कधीही या.