चाळीस टक्के भरण्याची पूर्वतयारी

आधी एक गैरसमज काढून टाका. चालता येत नाही, दिसत नाही किंवा ऐकू येत नाही म्हणून आपण दिव्यांग आहोत, असं तुम्हाला वाटत असेल. दिव्यांग असणं हा सरकारदरबारी एक आकडा असतो आणि तो ४० टक्क्यांपासून सुरू होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. दारं वाढली, उंबरठा होता तेवढाच उंच राहिला.

तेव्हा अपघात होण्याआधीच कशाला किती टक्के हा सरकारी तक्ता वाचून ठेवलेला बरा. पायाचा अंगठा गेला तर १० टक्के. पाचही बोटं गेली तर २०. पुढचं पाऊल गेलं तर ३०. पाऊल मध्यापर्यंत गेलं तर ४०. सर्जन लोक पाऊल वाचवायच्या नादात असतात आणि चांगुलपणापायी तुमचे दहा टक्के घालवून बसतात. भूल चढण्याआधी त्यांना आठवण करून द्या, "डॉक्टर, कापताच आहात तर जरा मागून घ्या."

डोळा एकच गेला असेल तर ३० टक्के. उरलेल्या डोळ्याने नियमावली वाचता येते, हा त्याचा फायदा. एक कान ठार बहिरा आणि दुसरा ठणठणीत असेल तर शंभराला सहाने भागा. जेमतेम १७ येतील, कारण सूत्रात चांगल्या कानाला पाचपट वजन आहे. कायद्यातला कर्णबधिर दोन्ही कानांनी बधिर लागतो.

आता बेरीज. शाळेतली विसरा. एका डोळ्याचे ३० आणि पायाच्या अंगठ्याचे १० मिळून ४० झाले म्हणून घरी पेढे आणू नका. सूत्र असं आहे: मोठा आकडा घ्या, ९० मधून तो वजा करा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणा, ९० ने भागा आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवा. ९० वजा ३० म्हणजे ६०. ६० गुणिले १० म्हणजे ६००. भागिले ९०, ६.६७. एकूण ३६.६७, म्हणजे फार तर ३७. तीन टक्क्यांनी हुकलात. ३० च्या जोडीला नेमके १५ हवेत, तेव्हा कुठे काटा ४० वर येतो. वीस आणि वीसची बेरीज तर ३६ च्या आतच राहते. या सूत्रामागे तर्क आहे, नाही असं नाही: टक्के शंभराच्या पुढे जाऊ नयेत. तसे जाण्याचा धोका ३७ वाल्याला किती, हे मात्र सूत्राला विचारू नका.

३७ वाल्यालाही दिव्यांग ओळखपत्राचं (यूडीआयडी) कार्ड मिळतं, पांढरं. ४० ते ७९ ला पिवळं, ८० आणि वर निळं. पांढऱ्या कार्डाचा मुख्य उपयोग म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही हे चिठ्ठीवर न राहता प्लास्टिकवर छापून मिळतं.

कार्डासाठी अर्ज ऑनलाइन. १ जून २०२१ पासून कागदी अर्जाची भानगडच संपली आहे. सेवा केंद्रात जा. आधार, फोटो, सही, जमतील तेवढे जुने रिपोर्ट न्या. आधारवर नाव जसं आहे तसंच अर्जात घाला. आधारवर नुसतं 'राम' असेल तर भावनेच्या भरात 'रामचंद्र' लिहू नका. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. केंद्रवाला घाईत आपला टाकून मोकळा होतो, मग सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तपासणीची तारीख त्याला कळते आणि तुम्हाला कळत नाही. २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. त्याच दुरुस्तीत असंही आहे की तुमच्यामुळे दोन वर्षं अर्ज अडकला तर तो बाद समजायचा आणि नव्याने करायचा. सरकारला एक महिना कमी पडत होता, तुम्हाला दोन वर्षं पुरावीत.

बोर्डाच्या, म्हणजे डॉक्टर तपासून टक्के ठरवतात त्या दिवशी लवकर पोहोचा आणि डबा न्या. अस्थिव्यंग, डोळे, कान, मानसिक हे विभाग एका रांगेत नसतात. कधी एका मजल्यावरही नसतात. लिफ्ट बंद असेल तर जिना चढू नका, आणि चढलातच तर कोणी बघत नाही ना ते पाहा. कानाची तपासणी साध्या ऑडिओमेट्रीवर भागत नाही. शंका आली की कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का ते बघणाऱ्या बेरा चाचणीला पाठवतात आणि तिचं यंत्र बहुधा दुसऱ्या गावी असतं. मानसिक आजाराचे टक्के काढताना स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद आणि काम या चार गोष्टींना गुण असतात. म्हणून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डॉक्टरांना नमस्कार करून सगळ्या उत्तरांत "बरं चाललंय" म्हणू नका. आपल्याकडे पाहुण्यांसमोर रडायचं नसतं, या संस्काराने आजवर किती टक्के बुडवले असतील देव जाणे.

समजा ४० भरले. आता निराधारचा पगार. संजय गांधी निराधार योजनेला पगार म्हणायची पद्धत आहे, कारण त्याच्यासाठी नोकरीएवढेच हेलपाटे पडतात. वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत. भागून बघा: दिवसाला १३७ रुपये, अख्ख्या घराला. भावाने दुसऱ्याच्या रानात चार दिवस जास्त मजुरी केली की तुमचं अपंगत्व धोक्यात. लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख आहे. तिथे बहीण असणं पुरतं, कुठला अवयव गेलेला असण्याची अट नाही. दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १५०० वरून २५०० झाली, हे मान्य करायला हवं. उत्पन्नाची मर्यादा वाढली असती तर ही रक्कम घ्यायला लोकही वाढले असते, आणि एवढी गर्दी तहसीलच्या व्हरांड्यात मावत नाही.

८० टक्के असतील आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राची पेन्शनही आहे: महिन्याला ३००. २०१२ साली ती २०० वरून ३०० झाली आणि तेव्हापासून आपल्या जागी स्थिर आहे. स्थैर्य कशाला म्हणतात ते शिकायचं तर इथे शिका.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हेही विचारून या. पट्टीवसुली लाखभर झाली असेल तर पाच हजार येतात. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी अडीचशे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जा, तोवर ग्रामसेवकाला ही रक्कम आठवत नाही.

रेल्वेची खिडकी वेगळी, तिची फूटपट्टीही वेगळी. तिथे टक्के चालत नाहीत, कार्डही पुरत नाही. डॉक्टरकडून वेगळ्या नमुन्यात दाखला लागतो आणि त्यावर रेल्वेचं कार्ड मिळतं. अस्थिव्यंगाला 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' असं लिहून हवं. कर्णबधिराला ऐकू न येणं पुरत नाही, बोलताही येता कामा नये. कुबड्या घेऊन एकट्याने मुंबई गाठणाऱ्याने पूर्ण भाडं भरावं. जिद्दीला सवलत नसते.

राखीव जागेवर नोकरी हवी असेल तर उलट तयारी करा. ४० टक्के हवेतच, शिवाय बसणं, उभं राहणं, चालणं, वाचणं, ऐकणं यांतलं त्या पदाला काय लागतं ते सारं जमलं पाहिजे. सकाळच्या दाखल्यात सोबत्याशिवाय हलता येत नाही आणि दुपारच्या दाखल्यात सगळं जमतं. दोन्ही फाइली एकाच पिशवीत ठेवू नका.

आणि दरवर्षी हयातीचा दाखला. तुम्ही समोर उभे आहात, नाव विचारलं तर सांगता आहात, हा पुरावा होत नाही. अंगठा उमटावा लागतो. कष्टाने रेषा झिजल्या असतील तर बोट पदराला पुसून, थोडं ओलं करून पुन्हा टेकवा. कुष्ठरोगाने बोटंच झडली असतील तर बुबुळाचं यंत्र मागा. ते तालुक्याला असतं, वरच्या मजल्यावर.