संविधानात नसलेले कलम

तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या थोरल्या मामांनी कुटुंबाच्या गटावर तो जुनाच संदेश पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश म्हणतो की कलम ३० मुळे मदरशांत कुराण शिकवता येते, कलम ३०-अ मुळे शाळांत गीता शिकवता येत नाही आणि पटेलांचा विरोध असल्याने नेहरूंनी त्यांच्या निधनानंतर हे कलम घुसडले.

भारताच्या संविधानात ३०-अ नावाचे कलमच नाही. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देणाऱ्या कलम ३० मध्ये (१अ) असा एक उपखंड आहे खरा. पण अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने संपादित केल्यास द्यावयाच्या मोबदल्याविषयीचा तो मजकूर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आला, म्हणजे नेहरू जाऊन चौदा वर्षे झाल्यावर. धर्मशिक्षणाचा विषय कलम २८ मध्ये आहे आणि ते सांगते की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत कोणत्याही धर्माचे शिक्षण देता येणार नाही. ‘कोणत्याही’ या शब्दात इस्लामही येतो: सरकारी मदरशांचे साध्या शाळांत रूपांतर करणारा आसामचा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरवला, तो याच कलमाच्या आधारे. गीतेचे म्हणाल, तर गीतेवरचे भाष्य असलेल्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या मामांच्याच शाळेत मराठीच्या तासाला शिकवल्या जात होत्या आणि त्यासाठी कोणी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही.

पटेलांविषयी थोडक्यात: संविधान लागू झाले २६ जानेवारी १९५० रोजी, पटेल गेले १५ डिसेंबर १९५० रोजी, आणि मूलभूत हक्क व अल्पसंख्याक यांसाठीच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष स्वतः पटेलच होते.

कलम ३० केवळ मुसलमानांसाठी आहे, हेही खोटे. ते भाषिक अल्पसंख्याकांनाही लागू असल्याने बेळगावातल्या मराठी संस्थांना त्याचाच आधार आहे; हिंदू अल्पसंख्य असलेल्या पंजाबात आर्य समाजाच्या डीएव्ही महाविद्यालयांना तो सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला.

एक तक्रार मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना पंचवीस टक्के प्रवेश देण्याचे शिक्षणहक्क कायद्यातील बंधन अल्पसंख्याक शाळांवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आणि शेजारच्या बिगर-अल्पसंख्याक शाळेला ते पाळावे लागते. ही विषमता खरी आहे. फक्त तिचा मामांच्या संदेशात उल्लेखही नाही.