"२१ दिवसात १० किलो" वाल्या बूट कॅम्प मेसेजचं काय करायचं

गेल्या आठवड्यापासून एकच मेसेज फिरून राहिला आहे, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, काल तर आमच्या भिशीच्या ग्रुपवर पण येऊन पडला. ज्यांना आला नाही ते नशीबवान, त्यांच्यासाठी थोडक्यात मजकूर असा: मिलिटरी स्टाइल बूट कॅम्प करा, २१ दिवसात १० किलो चरबी गायब. जितका घाम तितकी चरबी. रिकाम्या पोटी यायचं, मध्ये पाणी प्यायचं नाही. भात, पोळी, साखर पूर्ण बंद. अंग दुखलं नाही म्हणजे फायदा झाला नाही, सुट्टी एकही नाही. ४ मिनिटांचं टबाटा (थोडा वेळ जीव तोडून, थोडा आराम, असे राउंड) म्हणजे १ तास रनिंग. २१ दिवसांनी शुगर-बीपीच्या गोळ्या आपोआप सुटतात. आणि शेवटी "सैन्यात असंच करतात", त्याखाली ढीगभर दंड दाखवणारे इमोजी.

आधीच सांगते, बूट कॅम्पशी माझं काही वैर नाही. सकाळी साडेपाचला एकट्याने उठवत नाही आणि खाली चार जणी वाट पाहून राहिल्या असल्या की उठवतं, एवढ्या एका कारणासाठी पण बॅच लावणं वसूल आहे. स्क्वॅट, पुशअप, धावणं, दोरीच्या उड्या, यात वाईट काय? पण या मेसेजमधलं गणित चुकीचं आहे आणि त्यातले दोन-तीन नियम नागपूरच्या उन्हाळ्यात कोणी खरंच पाळले तर गोष्ट थेट दवाखान्यात जाईल, म्हणून एवढं टाइप करून राहिली आहे.

१० किलोपासून सुरू करू. १ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे १० किलोच्या झाल्या ७७,०००, त्याला २१ ने भागा, रोज ३६६६ कॅलरीचा तुटवडा पाहिजे. बहुतेक बायका तर दिवसभरात एवढ्या खातही नाहीत, मग कमी कुठून करणार? ७० किलोचा माणूस १ किमी धावला की अंदाजे ७० कॅलरी जातात, म्हणजे फक्त धावून करायचं तर रोज ५२ किमी. नागपूरवरून रामटेक, रोज, २१ दिवस, आणि वर गडमंदिराच्या पायऱ्या! तासाभराची चांगली कडक बॅच केली तरी ५००-६०० च्या वर फारसं जात नाही. आता कोणी म्हणेल की माझ्या चुलतभावाचे पहिल्याच आठवड्यात ३ किलो उतरले. उतरले असतील ना, खोटं नाही बोलून राहिला तो. लिव्हर आणि स्नायूंमध्ये मिळून ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी असतं, भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा रिकामा होतो आणि काटा दीड-दोन किलोने खाली येतो, वर थोडं घामाचं पाणी. चरबी त्यात किती, तर अर्धा किलो झाली तरी खूप झालं. मग एखाद्या लग्नात दोन दिवस नीट जेवला की सगळं परत जागेवर, आणि माणसाला वाटतं आपलं शरीरच खराब आहे. आठवड्याला अर्धा किलो टिकाऊ उतरलं तर तो चांगला रिझल्ट आहे, तीन आठवड्यांचे दीड किलो. पण दीड किलोवर मेसेज कोण फॉरवर्ड करणार.

घामाचं तर विचारूच नका. घाम हा पाणी आणि मीठ, तो शरीर थंड करायला येतो, चरबी वितळून बाहेर येत नसते. चरबी जाते कुठून हे ऐकून लोकं हसतात, पण ती जाते श्वासातून. २०१४ मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेबच छापून आला होता, १० किलो चरबी जळाली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. आणि आपल्याला हा पुरावा कायले पाहिजे म्हणा, मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत हवा इतकी कोरडी असते की घाम आला कधी अन् वाळला कधी कळत नाही, जुलैत पाऊस सुरू झाला की तोच घाम नुसता टपकत राहतो. घामावर चरबी जात असती तर दरवर्षी पोळ्यापर्यंत अख्खं नागपूर बारीक झालं असतं.

तरी इथल्या वॉकर्स स्ट्रीटवर, म्हणजे आमच्या फिरायच्या रस्त्यावर, एप्रिल महिन्यात रेनकोटसारखं जॅकेट घालून धावणारे दिसतात. भाऊ, नका करू. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन कमी करायच्या नादात रबरी सूट घालून गरम खोलीत व्यायाम करणारे कॉलेजचे तीन पैलवान दीड महिन्याच्या आत गेले, तरुण, फिट पोरं होती, त्यानंतर तिथे कॉलेजच्या कुस्तीत हे सूट बंद केले.

आता पाणी. हा नियम मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो मी डोळ्यासमोर पाहिला आहे. मागच्या एप्रिलमध्ये आमच्याकडच्या एका ग्राउंडवर बॅच सुरू होती, वेळ सकाळची साडेसात, म्हणजे इथल्या हिशेबाने ऊन चढलेलं. एक ताई, चाळिशीच्या असतील, तीनदा बाटलीकडे गेल्या आणि तीनदा ट्रेनरने "राउंड संपल्यावर" म्हणून परत बोलावलं. मग बर्पी (खाली वाकून पुशअप, उठून उडी) करता करता त्या कडेला जाऊन बसल्या. मैत्रिणीने विचारलं काय झालं तर म्हणाल्या, माझी गाडीची चावी कुठे गेली, आणि चावी त्यांच्याच मुठीत, इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली होती. दोन-तीनदा तेच विचारलं. तेव्हा तिथल्या वॉचमनकाकांनी कोणाला न विचारता पाण्याची कॅन उचलली आणि त्यांच्या डोक्यावर-मानेवर ओतायला सुरुवात केली, सावलीत नेलं, ओढणीने वारा घातला. वीस मिनिटांनी ताई नीट बोलायला लागल्या, मग नवरा येऊन दवाखान्यात घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी बऱ्या होत्या. काकांनी जे केलं तेच बरोबर होतं, व्यायाम करताना माणूस असंबद्ध बोलायला लागला, भेलकांडला, तर तो थकलेला नाही, शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं, आधी गार करा, ॲम्ब्युलन्सला फोन पण करा, पण तिची वाट पाहत हातावर हात धरून बसू नका. आणि शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पाणी न प्यायल्याने "शरीर कडक होतं" हे कोणी काढलं देवजाणे. तहान लागली की प्या, इतकं सोपं आहे. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळणार असाल तर मीठ टाकलेलं ताक किंवा ओआरएस. उलटं टोक पण नको, तासभरात तीन-चार लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही घातकच. उन्हाळ्यात नवीन बॅच लावत असाल तर पहिले १०-१४ दिवस अर्धाच जोर लावा, शरीराला उष्णतेची सवय व्हायला एवढे दिवस लागतात.

रिकाम्या पोटी यायचं? ज्याला जमतं त्याने यावं, ज्याला चक्कर येते त्याने केळं खाऊन यावं. २०१४ मध्येच एका छोट्या अभ्यासात २० मुलींना चार आठवडे सारखा व्यायाम आणि सारखा कमी आहार दिला, अर्ध्या उपाशी करायच्या, अर्ध्या खाऊन, शेवटी दोन्हीकडे वजनात फरक नाही. विषय संपला.

"दुखलं नाही तर फायदा नाही." नवीन व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडायला येतं हे खरं, पण ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे असतं, लॅक्टिक ॲसिडमुळे नाही, ते तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. तोच व्यायाम पुढच्या आठवड्यात केला की कमी दुखतं आणि तरी ताकद वाढतच राहते, म्हणजे दुखण्यावरून फायदा मोजता येत नाही. पण सहा महिने सोफ्यावर बसलेल्या माणसाने पहिल्या दिवशी दीडशे स्क्वॅट मारले, वरून ऊन, वरून पाणी नाही, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला माल रक्तात येतो आणि त्याने किडनी निकामी होऊ शकते. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या आणि लघवी कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली तर "छान पंप आला" म्हणून स्टेटस टाकू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला जा.

आणि सैन्याचं नाव घेऊन लोकं काहीही खपवून राहिले आहेत. अमेरिकेच्या मरीनचं बूट कॅम्प, ज्याची ही सगळी नक्कल आहे, तेच १३ आठवड्यांचं असतं. आपल्या बाजूला कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे, तिथली ट्रेनिंग महिनोन् महिने चालते, तीही मेडिकल पास झालेल्या विशीतल्या पोरांची, ज्यांना झोप, जेवण, डॉक्टर सगळं वेळेवर मिळतं. एवढं असून जगभरातल्या रंगरुटांमध्ये नडगीच्या हाडाला बारीक तडे जाणं ही नेहमीची तक्रार आहे. मग रात्री बारापर्यंत लॅपटॉपवर बसून सकाळी साडेपाचला आलेल्या ४५ वर्षांच्या माणसाला सुट्टी नाही म्हणता?

टबाटाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे म्हणून तो जास्त फसवतो. इझुमी ताबाता या जपानी संशोधकाचा १९९६ चा अभ्यास आहे. एका ग्रुपने आठवड्यातून ५ दिवस रोज १ तास मध्यम जोरात सायकल मारली, दुसऱ्याने २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद आराम, असे सात-आठ राउंड. सहा आठवड्यांनी दुसऱ्या ग्रुपची ऑक्सिजन वापरायची क्षमता पहिल्याएवढीच, किंबहुना थोडी जास्तच वाढली. भारी आहे, मान्य. पण ती शारीरिक शिक्षण शिकणारी तरुण पोरं होती, व्यायाम सायकलवर होता, आणि जोर एवढा की आठव्या राउंडला पाय हलायला नको. आपण मोबाइलवर टायमर लावून जे जंपिंग जॅक करतो आणि मधे एकमेकींना "काल सिरीयलमध्ये काय झालं" विचारतो, ते टबाटा नाही. आणि वजन कमी होतं का हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता.

स्टॅमिना पाहिजे असेल तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडे बघा. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले तर २० पैकी २० मार्क, म्हणून लोकांना वाटतं ही पोरं रोज जीव खाऊन पळत असतील. पहाटे ग्राउंडवर जाऊन पाहा, ज्यांना चांगला गुरू मिळाला आहे ती पोरं आठवड्यातले बरेच दिवस आरामात, गप्पा मारत, लांब लांब धावून राहिलेली असतात, स्पीडचं काम एक-दोन दिवस. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने मोठमोठ्या रोअर (बोट वल्हवणारे) आणि स्कीअर (बर्फावर स्की करणारे) लोकांचं ट्रेनिंग मोजलं तेव्हाही हेच दिसलं, साधारण ८० टक्के सेशन हळू. हळू धावण्याने स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग) वाढतात, त्याला महिने लागतात. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, बस, घड्याळ नसलं तरी चालतं. फुटाळा तलावाला एक चक्कर चालत-धावत घ्या, पुढच्या आठवड्यात थोडी वाढवा. बॅच आठवड्यातून तीन दिवस पुरते, मधल्या दिवशी नुसतं चाला.

भात-पोळी बंद करणाऱ्यांसाठी: पोळीऐवजी भाकरी खाल्ली म्हणून वजन उतरत नाही, १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि १०० ग्रॅम कणीक यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच, भाकरीत फायबर चांगलं असतं म्हणून खा. कार्ब पूर्ण बंद करून बर्पी मारायला गेलात तर तिसऱ्या राउंडला हातपाय गळणारच. खरा घोटाळा आपल्याकडे दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे प्रोटीन, एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) हिशेबाने रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. एक वाटी वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, आता तुम्हीच मोजा दुपारपर्यंत किती झालं. ५० ग्रॅम कोरडे सोया चंक भिजवून भाजीत टाकले तर २५ च्या वर मिळतं, डब्याचं पावडर नसलं तरी चालतं. दुसरं म्हणजे तेल. बॅच संपली की सगळे मिळून टपरीवर तर्री पोहे, मी पण जाते, सोडणार नाही. पण पोहेवाला पळी भांड्याच्या वरून फिरवतो, तो लाल तवंग म्हणजे तेलच, एक टेबलस्पून १२० कॅलरी, आणि दोनदा "भाऊ, अजून थोडी तर्री" म्हटलं की बॅचमध्ये कमावलेलं अर्धं तिथेच परत केलं. त्याला सांगा तळापासून चणे काढून दे, वरून कमी. तो तोंड वाकडं करतो, पण देतो.

राहिला गोळ्यांचा मुद्दा, आणि इथे मस्करी नाही. वजन उतरवून टाइप २ डायबेटिस मागे जाऊ शकतो, ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये वर्षभरात ४६ टक्के लोकांचा गेला. पण ते तीन ते पाच महिने रोज साडेआठशे कॅलरीच्या आसपास खाऊन, आणि गोळ्या बंद केल्या त्या डॉक्टरांनी, शुगर तपासत तपासत. तुमच्या घरी कोणी ग्लिमेपिराइड (शुगर कमी करणारी गोळी) घेत असेल किंवा इन्सुलिन घेत असेल आणि ते या मेसेजप्रमाणे उपाशी जाऊन तासभर उड्या मारतील तर शुगर एकदम खाली येऊन ग्राउंडवरच पडतील. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, त्यात पाणी प्यायला बंदी म्हणजे झालंच. बॅच लावायच्या आधी गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस बदलायचा का ते त्यांना ठरवू द्या, ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की शुगर आहे, आणि ट्रॅकपँटच्या खिशात ग्लुकोजची पुडी किंवा चार चमचे साखर कागदात बांधून ठेवा. ट्रेनर म्हणाला की याची काही गरज नाही, तर त्या महिन्याची फी बुडाली समजा आणि बॅच बदला.