‘अभ्यास पुरे, पूल बांधा’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपांवरून आलाय. सोसायटीचा, शाळेचा, नात्यातला, आणि चौथा कुठला ते आता आठवतही नाही. मजकूर थोडक्यात असा: मुंबईच्या ट्रॅफिकचं कारण शेंबड्या पोरालाही कळतं, तरी ‘समन्यायी वाहतूक संशोधन’ असलं काहीतरी नाव देऊन सर्व्हेंवर पैसा उधळला जातो. त्याऐवजी पूल बांधा, कोंडी फुटेल. रस्त्याचा खर्च गाडीवाला उचलतो, मग बाकीच्यांचे लाड त्याने का करायचे? आणि अहवाल धूळ खातच पडतात. खाली हात जोडलेले आणि ‘खरा मुंबईकर असाल तर पुढे पाठवा’.

शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे नाहीत. क्रमाने घेते.

‘कारण शेंबड्या पोरालाही कळतं.’

कुठलं कारण? गाडीवाला म्हणतो रिक्षा, रिक्षावाला म्हणतो खासगी गाड्या, टॅक्सीवाला म्हणतो मेट्रोची खोदाई, आणि फेरीवाल्यांवर सगळ्यांचं एकमत. (सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाहीत. तरी काळबादेवी तुंबते ती तुंबतेच.) २०१८ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने गूगल मॅप्सवरून भारतातल्या १५४ शहरांमधले प्रवास तपासले. एखादं शहर संथ असण्यात गर्दीचा वाटा त्यांना वाटला होता त्याहून बराच कमी निघाला. संथ शहरांत रस्ते मोकळे असतानाही गाड्या हळूच चालतात. म्हणजे निदान गर्दीचं आणि रोग रस्त्याच्या रचनेत, असंही असू शकतं. हे नाक्यावर उभं राहून दिसत नाही.

आणि जे मोजतात तेही काय मोजतात, हे मी जवळून पाहिलंय. कॉलेजात असताना सुट्टीत एका वाहतूक सर्व्हेचे फॉर्म भरायचं काम केलं होतं. मानखुर्दची पुनर्वसनाची इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. दार घरच्या कर्त्या माणसाने उघडलं. त्याचा कालचा प्रवास लिहून झाला: लोकलने सीएसएमटी, लोकलने परत. दोन फेऱ्या. ‘आणि वहिनी?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘ती घरीच असते.’ आत भांड्यांचा आवाज थांबला. ओल्या हातांनी ती बाहेर आली आणि बोटं मोजायला लागली. सकाळी धाकट्याला बालवाडीत सोडायचं, तिथून देवनारच्या सोसायटीत दोन घरची कामं, जाताना शेअर रिक्षा, येताना पैसे वाचवायला चालत. वाटेत रेशन. दुपारी पुन्हा बालवाडी. संध्याकाळी सासूला दवाखान्यात न्यायचं आणि परत आणायचं. एका हाताची बोटं कधीच संपली. माझ्या फॉर्मवर पायी फेरीचा रकानाच नव्हता. मी समासात लिहून आणलं, तर सुपरवायझर म्हणाले, ‘हे टाकू नकोस, टोटल बिघडते.’

चौकातल्या मोजणीचंही तसंच. तिथे हिशेब ‘प्रवासी कार एककां’त होतो. कार म्हणजे १, बस म्हणजे साधारण ३. बसमध्ये साठ माणसं असोत की नुसता ड्रायव्हर-कंडक्टर, ती तीनच. पायी चालणाऱ्याला या हिशेबात एककच नाही. अशा आकड्यांतून आराखडा काढला की गाडीला रस्ता अपुरा पडतोय हेच उत्तर येणार. समन्यायी संशोधन म्हणजे काही भाबडी समाजसेवा नव्हे. मोजायचं राहून गेलेलं मोजणं, एवढाच त्याचा अर्थ. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये पूर्ण केलेल्या महानगर प्रदेशाच्या वाहतूक अभ्यासात पायी फेऱ्याही धरल्या होत्या. निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होतात, असं निघालं. आता आपले फुटपाथ आठवा.

‘पूल बांधा, कोंडी फुटेल.’

बांधले की. १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ निघालं आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईभर पन्नासेक उड्डाणपूल उभे राहिले. मग २००९ मध्ये सागरी सेतू, २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग, २०२४ मध्ये अटल सेतू आणि कोस्टल रोड. ज्यांची गाडी त्यावरून जाते त्यांचा वेळ वाचतो, हे मी नाकारत नाही. मीही टॅक्सीने गेले आहे आणि सुखावले आहे. पण पूल संपतो तिथे काय होतं? पूर्व मुक्त मार्गाने चेंबूरहून भुर्रकन आलेल्या गाड्या दक्षिणेच्या तोंडाशी, पी. डिमेलो रोडला येऊन तुंबतात. ती कोंडी सोडवायला आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम चाललंय. बोगद्यातून मरीन ड्राइव्हला निघाल्यावर पुढे काय, ते विचारायला कोणी तयार नाही.

यामागचं कारण १९६२ मध्येच अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने मांडलं होतं: गर्दीच्या वेळी रस्ता मोकळा झाला की इतर वाटेने, इतर वेळी किंवा इतर वाहनाने जाणारे त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून हे तपासलं गेलं. रस्ते जेवढ्या प्रमाणात वाढले, जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवास वाढला होता. मुंबईत हे नेमकं किती होतं, हा प्रश्न विचारायलाच तर संशोधनाला पैसा लागतो.

‘सर्व्हेंवर पैसा उधळतात.’

एकट्या कोस्टल रोडचा खर्च तेरा हजार कोटींच्या वर गेला. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पासष्ट कोटी. तेवढ्यात पाहणी किती वर्षं चालेल याचा हिशेब मेसेज लिहिणाऱ्यानेच करावा. साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, इथे तेरा हजार कोटींना नुसतं ‘बांधून टाका’.

‘रस्त्याचा खर्च गाडीवाला उचलतो.’

यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. मुंबईतले बहुतेक रस्ते महापालिकेचे, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत पालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न जकातीचं होतं. मानखुर्दच्या त्या बाईने साबणाची वडी घेतली तरी जकात तिच्या किमतीत धरलेली असायची. रस्ता तिच्याही पैशाने झाला. आणि शहरातले जे सगळ्यात महाग, त्या कोस्टल रोड आणि अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षा या दोघांनाही बंदी. सुरक्षेच्या दृष्टीने ती बरोबर असेलही. पण मग ‘गाडीवाला भरतो, बाकीचे फुकटे’ हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

दोन तारखा शेजारी शेजारी ठेवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर कारचा टोल माफ झाला. सकाळी मंत्रिमंडळाचा निर्णय, मध्यरात्रीपासून अंमल. एका फेरीचे ४५ रुपये वाचले. सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्ट बसचं किमान भाडं ५ वरून १० झालं, एसी बसचं ६ वरून १२. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून जास्त बस होत्या, आता तीन हजारही नाहीत. २०१९ मध्ये भाडं उतरवलं तेव्हा लाखोंनी प्रवासी बसकडे परत आले होते, आणि तेव्हाच बस वाढवायला हव्या होत्या. आता बसवाल्याने दुप्पट भरायचं, जास्त वेळ थांबायचं, आणि टोल सुटलेल्या गाड्यांच्या मागे उभं राहायचं. कोणाचे लाड चाललेत, ते ठरवा.

स्टॉकहोमने याच्या उलटं केलं. जानेवारी ते जुलै २००६ शहरात शिरणाऱ्या गाड्यांना शुल्क लावून पाहिलं. आधी लोकांचा विरोधच होता. आधीची, मधली आणि नंतरची मोजणी ठरलेली होती. वाहतूक साधारण २० टक्क्यांनी उतरली, शुल्क थांबल्यावर पुन्हा चढली. सप्टेंबरमध्ये लोकांनी मतदानात कौल दिला आणि २००७ पासून ते कायम झालं. मुंबईतही असंच शुल्क लावा, असं माझं म्हणणं नाही. बस मिळत नसताना गाडीवर शुल्क म्हणजे नुसता दंड. पण निर्णयाआधी आणि नंतर मोजायची पद्धत तरी उचलता येते.

‘अहवाल धूळ खात पडतात.’

हो, पडतात. पण सगळे नाही, आणि गंमत इथेच आहे. पश्चिम किनाऱ्याने जलदगती मार्ग काढावा, हे १९६०च्या दशकात विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने आपल्या मुंबईच्या अभ्यासात सुचवलं होतं. सागरी सेतू आणि कोस्टल रोड हे त्याच कल्पनेचे वारस. म्हणजे मेसेजवाल्याचा लाडका कोस्टल रोडही एका ‘सर्व्हे’तूनच आला. गाड्यांसाठीची शिफारस साठ वर्षांनी धूळ झटकून बाहेर निघते. तिकडे एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर रुंद पादचारी पुलाची मागणी होत राहिली, आणि २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत पूल उभा केला. तो आधीही होण्यासारखा होता.

त्यामुळे संशोधनाला पैसे द्या म्हणताना माझी अट आहे. जो पूल बांधणार, त्याच्याच खिशातून त्या पुलाच्या अभ्यासाचे पैसे जाऊ नयेत. कच्चे आकडे सगळ्यांना उघडे हवेत, नुसता रंगीत सारांश नको. फॉर्म घरातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र भरायचा, नवऱ्याने बायकोचा नाही. आणि पायी चालण्याचा रकाना.

सुरुवात लांब जाऊन करायची गरज नाही. कुर्ला पश्चिमेला सकाळी पावणेनऊला ३१० नंबरच्या बसच्या रांगेत उभं राहा. रांगेत किती माणसं, पहिल्या बसमध्ये किती चढली, कंटाळून किती जणांनी शेअर रिक्षा धरली, बीकेसीपर्यंत (वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत) बसला किती वेळ लागला. कागद-पेन पुरे. फॉरवर्ड पाठवणाऱ्या आमच्या सोसायटीच्या काकांना मी येत्या सोमवारी सोबत येण्याचं आमंत्रण दिलंय. दोन निळ्या टिक-खुणा दिसतायत, उत्तर आलेलं नाही.